बदामाची डाहळी आणि चाळीतील गुलमोहर

शास्त्रपाठ : यिर्मया १:११, १२, एज्रा ३:१०-१३



माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे तुमच्या शिवारातील पळसावर पान म्हणून उरत नाही, आणि मग एके सकाळी पाहावे तो सारे झाड केशरी झालेले असते. बांधावरचा पांगारा व ओढ्याकाठची सावर ह्यांचीही रीत तीच. आधी पाने टाकावयाची, उघडे व्हावयाचे, आणि मग फुलावयाचे. पानांचा आडोसा नसल्यामुळे फूल दुरून दिसते. साळुंक्या, बुलबुल व कावळे मधाच्या आशेने येऊन बसतात, आणि त्यांच्या चोचींस लागलेला पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. ही योजना कोणाची, हे तुम्हांस आम्ही सांगावयास नको.

यिर्मयास देवाने संदेष्टा होण्यास पाचारण केले तेव्हा तो आपल्या लहान वयाची सबब सांगत होता. त्याची भीती जावी म्हणून देवाने त्यास प्रथम काय दाखविले? सैन्य नव्हे, सिंहासन नव्हे; बदामाची एक डाहळी दाखविली. पॅलेस्टाईन देशात थंडी पुरती ओसरली नसता बदाम फुलतो, आणि तोही आपल्या पळसाप्रमाणे निष्पर्ण असताना. इब्री भाषेत बदामास शाकेद म्हणतात, आणि जागून पहारा करणाऱ्यास शोकेद. सर्व झाडांच्या आधी जागे होणारे असे ते झाड; आपणही आपल्या वचनाविषयी तसेच जागे आहो, हे देवाने त्या एका शब्दावरून संदेष्ट्यास समजाविले. आम्ही ईश्वरज्ञान विद्यालयात शिकत असताना गुरुजींनी हा श्लेष फळ्यावर लिहून दाखविला होता. आम्ही तो वहीत उतरून घेतला, परीक्षेत लिहिला, आणि त्याबद्दल गुणही मिळविले. त्याचा अर्थ कळावयास मात्र लालबागची एक वृद्ध भगिनी भेटावी लागली, आणि ती भेटली त्यास कारण एक झाड होय. ते झाड आता नाही.

गावी पुष्कळांची अशी समजूत असते की, मुंबईस झाडे कोठली? तेथे माणसे आणि भिंती. आमच्याही मनात प्रथम असेच होते. परंतु वैशाखात भायखळ्याहून दादरपर्यंत पायी चालून पाहावे. गुलमोहर लाल झालेला असतो, सोनमोहराच्या पाकळ्यांनी पदपथ पिवळे झालेले असतात, आणि एखाद्या कुंपणाआड आपल्या राज्याचे फूल जे ताम्हण, ते जांभळे होऊन उभे असते. भायखळ्याचा राणीचा बाग, ज्यास आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, तो १८६२ साली उघडला. त्यात ब्रह्मदेशातून आलेल्या उर्वशीच्या झाडास लाल फुलांचे झुंबर लोंबताना पाहावयास लोक मुद्दाम येतात. फार काय, ह्या शहराच्या वस्त्यांची नावेच वाचून पाहा. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची खोलगट जागा. ताडदेव हे नाव ताडावरून आले असे म्हणतात. गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. शहराच्या जुन्या गॅझेटियरात भायखळा हे नाव बहाव्याच्या खळ्यावरून आले असावे असे दिले आहे. आणि परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून आले, अशी एक उपपत्ती आहे. बहावा म्हणजे उन्हाळ्यात पिवळे घोस सोडणारे झाड, आणि पाडळ म्हणजे सुवासिक फुलांचे. आज भायखळ्याच्या पुलावरून जाणारास बहावा आठवत नाही, आणि परळच्या नाक्यावर उभे राहून पाडळ कोणती असे विचारल्यास दहांपैकी नऊ जण तोंडाकडे पाहतील. झाड गेले व नाव राहिले. मनुष्यांच्या बाबतीतही आपण थडग्यावर नाव कोरतो; येथे झाडाचे नाव रेल्वेच्या पाटीवर कोरले आहे, एवढेच.

दादरच्या झाडांची हकिगत निराळी आहे. १८९६ साली मुंबईत गाठीच्या तापाची साथ, म्हणजे प्लेग, आला. दाट वस्तीच्या अंधाऱ्या खोल्यांतून माणसे पटापट मरू लागली, आणि सहस्रावधी लोक शहर सोडून पळाले. मग १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, व दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जागेत रुंद रस्ते आखून नव्या वसाहती वसविण्यात आल्या. त्या ट्रस्टाचे एक इंजिनियर मंचेरजी एदलजी जोशी ह्यांनी पारशी कॉलनी उभी करण्याचा ध्यास घेतला. तेथील रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लाविली, आणि त्यांची सावली शंभर वर्षे लोक भोगीत आहेत. पाच उद्यानांजवळ त्या सावलीत उभे राहिले असता हा सारा वृक्षसंभार प्लेगच्या राखेतून उगवला आहे, हे कोणास खरे वाटणार नाही. गेल्या काही वर्षांत शहरातील पुष्कळ पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या किडीने उभे वाळले, आणि कित्येकांच्या बुंध्याला काँक्रीट इतके भिडविले आहे की, मुळांस पाणी पोहोचत नाही. तरी जे उरले आहेत ते फुलतात.

आता त्या झाडाविषयी.

लालबागेतील एका चाळीच्या अंगणात एक जुना गुलमोहर होता. चाळीत आमच्या मंडळीची सात कुटुंबे राहत. बहुतेक मूळची नगर जिल्ह्याची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आजे-पणजे गिरणीत लागले आणि पुढे तेथेच राहिले. त्या गुलमोहराखाली गुरुवारची प्रार्थनासभा भरे. तीन वर्षांपूर्वी चाळ पाडून तेथे उंच इमारत बांधावयाचे ठरले. लोकांस पक्की, मोठी खोली मिळणार होती, घरात नळ व संडास मिळणार होते. तेव्हा चाळ जाणार ह्याचे दुःख आम्हांस तरी वाटत नव्हते. परंतु मंडळीतील वृद्ध माणसे, विशेषतः स्त्रिया, त्या झाडासाठी रडू लागल्या. उपासनेनंतर झाडाची गोष्ट, घरभेटीत झाडाची गोष्ट. आम्हांस त्याचा कंटाळा आला. देव नवे घर देत असता जुन्या झाडासाठी अश्रू ढाळणे म्हणजे कृतघ्नपणा, असे आमच्या मनाने घेतले, आणि पुढील रविवारी आम्ही लूक १७:३२ हे वचन घेऊन लोटाच्या बायकोवर उपदेश केला. मागे वळून पाहणाऱ्याचा मिठाचा खांब होतो, हे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. उपदेश चांगला वठला असे आम्हांस वाटले.

दारात हस्तांदोलन करीत असता एक आजी थांबल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे यजमान गिरणीत साच्यावर होते, ते वारून बरीच वर्षे झाली. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, लोटाच्या बायकोनं मागं पाहिलं ते सदोमाकडं. आमची चाळ काय सदोम होती व्हय?"

आम्ही काही सावरासावर करू लागलो. त्या म्हणाल्या, "संपाच्या साली माझी धाकटी गेली. दीड वर्साची होती. हे घरी बसलेले, पगार नाही. पेटीचे पैसे मंडळीनं जमवून दिले. फुलाला कुठनं आणायचे? तर चाळीतली पोरं, आपली, हिंदूंची, मुसलमानांची, सगळी झाडाखाली गेली अन् वटीत भरभरून फुलं आणली, अन् पेटी झाकली. लाकूड दिसत नव्हतं. ते झाड फुललं की मला ती पेटी दिसती. त्याच्यासाठी रडले तर देव रागावतो का, तेवढं सांगा."

तो संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते, आणि त्यांतील पुष्कळांस पुन्हा कधी काम मिळाले नाही. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. ज्या वर्षाविषयी आम्हांस काही ठाऊक नाही, त्या वर्षीच्या अश्रूंवर आम्ही व्यासपीठावरून निकाल दिला होता. आजींस आम्ही उत्तर दिले नाही. 'प्रभू तुमचे सांत्वन करो' असे काहीसे पुटपुटलो, आणि तो शब्द ओठांपलीकडून आलेला नव्हता हे त्यांस कळले असणार.

ह्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. झाड तोडावयाची परवानगी मागितल्याची नोटीस बुंध्यास चिकटविली होती. राज्यात झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्या अन्वये शहरातील झाड तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि कोणाही नागरिकास मुदतीत लेखी हरकत घेता येते. पन्नास वर्षांहून जुन्या झाडास प्राचीन वृक्ष म्हणून विशेष रक्षण देणारी दुरुस्तीही २०२१ साली झाली आहे. मंडळीतील दोन तरुण हरकतीचा अर्ज लिहून आमच्याकडे सहीस घेऊन आले होते. आम्ही तो 'पाहतो' म्हणून टेबलावर ठेविला. ही ऐहिक बाब, पाळकाने तिच्यात पडू नये, असा विचार केला. आणि खरे सांगावयाचे तर विसरलो. मुदत गेली. आमच्या एका सहीने झाड वाचलेच असते असे नाही. परंतु शत्रूच्या नगरास वेढा घातला असतादेखील तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, झाड काय मनुष्य आहे की त्याच्याशी लढावे, अशा अर्थाची आज्ञा अनुवाद २०:१९ मध्ये आहे. ती आम्ही कित्येकदा वाचली होती. ती ऐहिक बाब आहे असे मोशेला वाटले नव्हते.

झाड मे महिन्यात तोडले. भर फुलात होते.

त्या आठवड्यात आम्ही शास्त्र उघडून पुन्हा विचार केला. मागील दिवसांची आठवण काढणे पाप आहे काय? उपदेशक ७:१० मध्ये पूर्वीचे दिवस आताच्याहून बरे का होते असे विचारू नये, ते शहाणपणाचे नव्हे, असे बजाविले आहे. आणि गणना ११ मध्ये इस्राएल लोक अरण्यात मिसर देशाच्या आठवणीने रडले, तेव्हा देवाचा कोप झाला. पण ते कशासाठी रडले हे पाहा. मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. ह्या सर्वांची त्यांस चव आठवली. परंतु विटा पाडणे आठवले नाही, मुकादमाचा चाबूक आठवला नाही, नाईल नदीत टाकिलेली लेकरे आठवली नाहीत. त्यांची आठवण खोटी होती, कारण ती अर्धी होती. आजही परळ-लालबागविषयी अशी अर्धी आठवण काढणारे पुष्कळ आहेत. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत दहा माणसे, कापसाच्या धुळीने भरलेली छाती, सार्वजनिक संडासापुढील पहाटेची रांग, ही सर्व गाळून केवळ भोंग्याचा मंजुळ आवाज त्यांस ऐकू येतो. (गिरणीचा भोंगा मंजुळ होता असे प्रत्यक्ष पाळीस जाणाऱ्याने म्हटलेले आम्ही तरी ऐकिले नाही.)

आजींची आठवण अशी नव्हती. तिच्यात उपासमार होती, मेलेले लेकरू होते, आणि फुलेही होती. त्यांनी काहीच गाळले नव्हते.

एज्रा ३ मध्ये मंदिराचा पाया घातल्याची हकिगत आहे. बाबेलहून परत आलेल्या लोकांनी आनंदाने जयघोष केला; परंतु ज्या वृद्धांनी पहिले मंदिर आपल्या डोळ्यांनी पाहिले होते ते मोठ्याने रडले, आणि रडणे कोणते व हर्षाचा गजर कोणता हे कोणास ओळखता येईना. त्या वृद्धांस कोणी दटाविले असे तेथे लिहिलेले नाही. कोणी त्यांस लोटाच्या बायकोची गोष्ट सांगितली नाही. दोन्ही आवाज देवाच्या कानी एकत्रच गेले. पुढील रविवारी आम्ही हा अध्याय वाचला, आणि मागचा उपदेश चुकीच्या माणसांस केला होता, असे मंडळीपुढे उभे राहून सांगितले. अर्ज टेबलावर राहिल्याचेही सांगितले. ते सांगणे उपदेशाहून कठीण गेले. तरुणांपैकी एकाने मान खाली घातली. तो आमच्यासाठी लाजला की रागावला हे आम्ही विचारले नाही.

श्रीरामपूरचे डॉक्टर विल्यम केरी ह्यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहे, कारण मराठी भाषेत नवा करार प्रथम त्यांच्याच छापखान्यातून निघाला. ते १७९३ साली ह्या देशात आले आणि १८३४ साली येथेच वारले. मध्ये एकदाही स्वदेशी गेले नाहीत. त्यांस झाडाफुलांचा फार नाद होता, आणि १८२० साली त्यांनी शेती व बागायतीची एक संस्थाही स्थापिली. एकदा विलायतेहून त्यांस बियाण्याचे पार्सल आले. बिया काढून घेतल्यावर पिशवीतील माती त्यांनी बागेत एका बाजूस झटकली, आणि काही दिवसांनी पाहतात तो तेथे त्यांच्या देशातील गवतात उगवणारे डेझीचे इवलेसे फूल! बायबलाची भाषांतरे करणारा तो थोर पुरुष त्या फुलापाशी लहान मुलासारखा हरखला, आणि ते त्याने पत्रात लिहून कळविण्यास संकोच केला नाही. बंगालच्या उन्हात ते रोप टिकत नसे, म्हणून दर साली बी धरून तो ते पुन्हा लावी. घरची आठवण त्याने दाबून टाकिली नाही, आणि तिच्यापायी काम टाकून घरीही गेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, गुलमोहर तरी आपला कोठे आहे? खरे आहे. तो मादागास्कर बेटाचा, गेल्याच्या गेल्या शतकात ह्या देशात आला. पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा. आपल्या दफनभूमीतील खुरचाफादेखील अमेरिकेतूनच आला. आमचे स्वतःचे मत विचाराल तर गावी लावावयास बहावा, ताम्हण, पांगारा हीच झाडे बरी; ती ह्या मातीची आहेत, आणि पाखरांस त्यांची ओळख आहे. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. वादळात तो आधी पडतो. हे सर्व आम्ही आजींस समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आम्ही तरी कुठं मुंबईचे होतो?"

झाड पाडण्याच्या आदल्या संध्याकाळी आजींनी नातवाकडून शेंगा काढविल्या होत्या. ज्यांची तलवार करून मुले खेळतात त्याच त्या लांब काळ्या शेंगा. बी फार टणक असते. ते कढत पाण्यात एक रात्र भिजवावे लागते, नाही तर महिनोन्महिने तसेच पडून राहते. त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून बिया टोचल्या. चाळ पडेपर्यंत भाड्याने घेतलेल्या खोलीच्या खिडकीत ते डबे राहिले. सात उगवल्या, चार जगल्या. नव्या इमारतीस अंगण नाही. फरशीखाली मोटारी उभ्या राहणार, तेथे मुळे जावयास माती नाही. त्यामुळे रोपे कमरेइतकी झाली तरी डब्यांतच होती, आणि आजी रोज विचारीत की, ह्यांस जागा कोण देतो?

बाबेलात नेलेल्या लोकांस यिर्मयाने पत्र लिहिले ते ह्याच यिर्मयाने, ज्यास बदामाची डाहळी दिसली होती. घरे बांधा आणि मळे लावा, असा त्यात निरोप होता. परमुलूख असला तरी. अब्राहामाने बैर-शेबा येथे एशेल झाड लाविले तेव्हा त्या देशात त्याच्या मालकीची वीतभर भूमी नव्हती. ह्या गोष्टी आम्ही आजींस सांगितल्या नाहीत, त्यांस त्यांची गरज नव्हती. आम्ही एवढेच केले की, त्यांच्या माहेरच्या गावातील मंडळीच्या पंचांस पत्र लिहिले. ह्या वेळी ते त्याच दिवशी टपालात टाकिले.

उत्तर आले की, मंदिराच्या आवारात जागा आहे. गेल्या वैशाखात नातू एस. टी.ने चारही डबे घेऊन गेला. तेथील पहारेकऱ्याने दूरध्वनी करून विचारिले की, झाडे कोठे लावू, दरवाजासमोर शोभा येईल काय? आजी शेजारीच बसल्या होत्या. आम्ही म्हणालो की, भिंतीपासून निदान तीस फूट दूर ठेवा, मुळांनी पायास धक्का लागेल. आजींनी हात पुढे करून आमच्याकडून फोन घेतला.

"दफनभूमीच्या वाटंवर लाव रे बाबा," त्या म्हणाल्या. "फुलं इकत आणायची येळ कुणावर येऊ नये."

मृगाच्या आधी खड्डे खणून झाले होते.